आईचा टीएसएच नॉर्मल आहे, मग हा थकवा कशाचा?

प्रश्न :
आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. आईचे वय ४४ आहे. गेली काही वर्षे तिला भूक नाही, रक्तदाब कमी असतो, दोन भाकऱ्या थापल्या की ती ओट्याला टेकून उभी राहते, आणि एप्रिलच्या उन्हात आम्ही घामाघूम झालेलो असताना ती पंखा बंद करायला लावून चादर पांघरून बसते. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक) दोनदा नॉर्मल आल्यामुळे थायरॉईडचा त्रास नाही असे सांगून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मंदावली असेल का?

उत्तर १ :
शक्यता तपासून पाहावी अशीच आहे. टीएसएच पिट्युटरी ग्रंथीच तयार करते, त्यामुळे तीच दुबळी झाली असेल तर थायरॉईडचे काम घटूनही टीएसएच वाढत नाही आणि अहवाल नॉर्मल दिसतो. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाची रक्ततपासणी, करून घ्या. शेवटच्या बाळंतपणात आईला फार रक्तस्राव झाला होता का, हे घरातल्या मोठ्या बाईला विचारा.

प्रश्नकर्ता :
मावशीला विचारले. १६ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या वेळी रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या, अंगावर दूध आलेच नाही, बहीण वरच्या दुधावर वाढली. त्यानंतर आईला पाळीही आली नाही, आणि आम्हाला हे कोणी सांगितलेच नाही.

उत्तर २ :
माझ्या पत्नीचीही अशीच कहाणी आहे, म्हणून कळकळीने लिहितो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. ब्रिटिश डॉक्टर शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले. गरोदरपणात पिट्युटरी ग्रंथी आकाराने वाढलेली असते, आणि प्रसूतीत रक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की तिचा रक्तपुरवठा तुटून ती सुकत जाते. काखेतले केस विरळ होणे आणि रक्तातले सोडियम वारंवार उतरणे याही खुणा आहेत. (आपल्याकडे शेतात घोणस चावून वाचलेल्यांचीही ही ग्रंथी पुढे अशीच दुबळी होऊ शकते.)

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे) जा आणि सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल (शरीराला ताण पेलायला लागणारे संप्रेरक) तपासा. ते कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची उणीव भरणारी गोळी) आणि मगच थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी), हा क्रम चुकता कामा नये, कारण नुसत्या थायरॉक्सिनने उरलेसुरले कॉर्टिसोल लवकर संपून जीवावर बेतू शकते. गोळ्या सुरू झाल्यावर ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न पाहता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.