नटांना तिकीट नको म्हणे!

खवट खोबरं: काल इथे एका महाशयांनी फर्मान काढलं की सिनेमा-मालिकांतल्या लोकांना निवडणूक लढवायला कायद्यानेच बंदी घाला, कारण 'त्यांना जनतेचे प्रश्न कळत नाहीत'. वाचून डोकंच फिरलं. सुनील दत्त मुंबईतून पाच वेळा निवडून आले. 1987 ला पंजाब धुमसत असताना मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. तुमचे प्रश्न कळणारे नेते स्वतःच्या वॉर्डात तरी गाडीतून उतरतात का? अमोल कोल्हेंनी 2019 ला शिरूरमध्ये आढळरावांना पाडलं, तेव्हा 'मालिकेची पुण्याई' म्हणून नाकं मुरडली. 2024 ला परत पाडलं, तीही पुण्याईच का?

तिखट मीठ: एक सुनील दत्त किती वर्षं पुरवून खाणार? 2004 ची उत्तर मुंबई आठवा. एकीकडे राम नाईक, पाच वेळा खासदार, लोकलच्या प्रवाशांसाठी उभं आयुष्य घालवलेला माणूस. दुसरीकडे गोविंदा. कोण पडलं? आणि 2009 ला गोविंदा उभासुद्धा राहिला नाही. अमिताभने 1984 ला अलाहाबादेत बहुगुणांना हरवलं आणि 1987 ला राजीनामा देऊन मोकळा. मतदार बसले टाळ्या पिटत.

खवट खोबरं: राजीनामा दिला ही तक्रार? धन्य आहे.

विंडो सीट: त्याच उत्तर मुंबईत 2019 ला उर्मिला मातोंडकर आपटल्या. म्हणजे लोक चेहरा बघून शिक्का मारतात हे काही खरं नाही. खरा रोग घराणेशाही. आमचे खासदार नट नाहीत, वडिलांची गादी चालवतात. बाबांच्या ऑपरेशनसाठी मदतनिधीचं शिफारसपत्र हवं होतं. ऑफिसात पोरगा मोबाईलवर मॅच बघत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "साहेब दिल्लीत." संध्याकाळी साहेब गावातल्याच एका लग्नात अक्षता टाकताना फेसबुकवर लाइव्ह! पत्र शेवटी दुसऱ्याच पक्षाच्या नगरसेवकाने फोनाफोनी करून मिळवून दिलं. नट असता तर निदान सेल्फी तरी मिळाला असता.

2005 नंतरचा: नट असो नाहीतर वारस, एकदा खासदार झाला की जन्मभर पेन्शन. आम्हाला मात्र जुनी पेन्शन नाही, 1 नोव्हेंबर 2005 नंतर सरकारी नोकरीला लागलो हाच आमचा गुन्हा. यावर धागा काढा कुणीतरी.

तिखट मीठ: काढा की, अडवलंय कुणी? इथे नको. आणि निवडणुकीचं सोडा, मागच्या दाराने येणाऱ्यांचं काय? सचिन 2012 ते 2018 राज्यसभेत होता. हजेरी दहा टक्केसुद्धा नाही.

स्ट्रेट ड्राइव्ह: झालं, आलात सचिनवर! सगळा पगार-भत्ता पंतप्रधान मदतनिधीला दिला त्याने. धाराशिवचं डोंजा गाव दत्तक घेतलं. डिसेंबर 2017 ला खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला, तर गोंधळ घालून एक वाक्य बोलू दिलं नाही. बिचारा नुसता उभा होता. तेव्हा कुठे होतात?

तिखट मीठ: टीव्हीसमोरच होते, आणि मलाही वाईट वाटलं. पण पगार परत केला म्हणून कामाला दांडी चालते? आमच्या ऑफिसात विचारून बघते.

कलम कसाई: मुळात कलम 80 वाचा. राष्ट्रपतींनी नेमायच्या बारा जणांसाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा एवढंच लिहिलंय. खेळ त्यात नाहीच.

स्ट्रेट ड्राइव्ह: त्याचा स्ट्रेट ड्राइव्ह ही कला नाही? तुम्ही क्रिकेट बघता की स्कोअरकार्ड?

कलम कसाई: मग उद्या कुणी म्हणेल आमच्या भाऊंचं भाषण हे साहित्य. घटनेत काय लिहिलंय ते सांगितलं, तुमच्या देवाला हात लावलेला नाही.

विंडो सीट: लता मंगेशकरांच्या वेळीही हजेरीवरून ओरड झालीच होती. नेमणारे हार-तुऱ्यासाठी नेमतात, मग बाकं भरत नाहीत म्हणून रडायचं कशाला?

स्ट्रेट ड्राइव्ह: आता लताबाई पण? शरम वाटू द्या जरा.

कलम कसाई: शरम कसली? परवानगी न घेता साठ दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिकामी करू शकतं, कलम 101. पण मोजताना अधिवेशन संपल्यानंतरचे दिवस धरत नाहीत. त्यामुळे महिनोन्महिने तोंड न दाखवताही माणूस नियमात बसतो. बदलायचं तर हे बदला, नटांना कशाला झोडता?

तिखट मीठ: बरं, बंदी नको. तुमच्या सुनील दत्तांसाठी एवढं मान्य करते, बाकी एकासाठीही नाही. पण गोविंदा 2024 ला शिंदेंच्या शिवसेनेत गेलाय, हे खोबऱ्याने सोयीस्कर गिळलं.

खवट खोबरं: पक्षात गेलाय, लोकसभेला उभा नव्हता. फरक कळतो ना?

2005 नंतरचा: पण त्याची पेन्शन चालूच असणार.