मदत हवी आहे: सोरायसिसच्या रुग्णाने कर्करोगासाठी इम्युनोथेरपी घ्यावी का?

नमस्कार. माझ्या मामांना बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस असून कोपरांवरचे आणि गुडघ्यांवरचे खपलीदार चट्टे सध्या सेक्युकिनुमॅबच्या इंजेक्शनांमुळे आटोक्यात आहेत. आता त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले असून डॉक्टरांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणारे, औषध सुचवले आहे.

सोरायसिसमध्ये सहायक टी पेशींपैकी (या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) टीएच-१७ हा प्रकार इंटरल्यूकिन-१७ हा दाह वाढवणारा रेणू स्रवतो, त्यामुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, आणि सेक्युकिनुमॅब नेमका तोच रेणू अडवते. निवोलुमॅब मात्र टी पेशींवरचा पीडी-१ हा लगाम सैल करते, जेणेकरून त्या गाठीवर हल्ला करतील. पण अशा मोकाट पेशी निरोगी त्वचेला सोडतीलच असे नाही, आणि या उपचारानंतर जुना सोरायसिस पुन्हा उफाळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. एकाच शरीरात एक औषध प्रतिकारशक्तीला आवरते आणि दुसरे तिला चेतवते, हे पाहून घरातले सगळेच गोंधळले आहेत.

सेक्युकिनुमॅब चालू ठेवले तर निवोलुमॅबचा परिणाम कमी होतो का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे. टीएच-१७ पेशी काही गाठींना पोषक, तर काहींना मारक ठरतात असे वाचनात आल्यामुळे स्वतःहून तर्क करण्याचे मी टाळत आहे. दोन्ही औषधे घेतलेला रुग्ण कोणाच्या परिचयात असल्यास, त्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आणि कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र बसून काय ठरवले, हेही कळवावे. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा राहील. पुढच्या भेटीत नेमके काय विचारावे, एवढे समजले तरी पुष्कळ आहे.