दाखला मिळेना, पाचवीला शाळेत बसू देतील का? (सोलापूर)

मोहोळवाले_पप्पा:
नमस्कार मंडळी, माझी बदली सोलापूरला झाली, जुळे सोलापुरात खोली घेतली. पोरगी चौथीपर्यंत मोहोळ तालुक्यात गावच्या झेडपी शाळेत होती, आता पाचवीला इथल्या एका अनुदानित मराठी शाळेत टाकायचीय. १५ जूनला शाळा भरतेय आणि गावचे गुरुजी दाखला देईनात, आज या उद्या या चाललंय. इकडची शाळा म्हणतेय दाखला आणा मग बसवू. वर गणवेश एकाच दुकानातून घ्या म्हणायलेत. नेमकं काय करायचं ओ?

जुळे_सोलापूरची_आई:
दादा दाखल्यासाठी पोरीला घरी ठेवू नका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यातलं कलम ५ वाचा. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे सरकारी आणि अनुदानित शाळेला लागू आहे म्हणजे तुमचं काम होतंय, विनाअनुदानित असती तर या कलमाचा उपयोग नव्हता. तोंडी भांडत बसू नका, साध्या कागदावर अर्ज लिहून द्या, सोबत चौथीचं प्रगतीपुस्तक, जन्मदाखला, आधारची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. पोच मागितली की आवाज खाली येतो, आमचा अनुभव.

खडू_फळा:
मी झेडपीतच शिक्षक आहे म्हणून गुरुजींची बाजू पण सांगतो, राग मानू नका. गावात पटसंख्या आधीच कमी, त्यात एक एक लेकरू शहरात चाललंय. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे किती शिक्षक ठेवायचे ते त्यावर ठरतं, पट घसरला की एक जण अतिरिक्त ठरतो आणि मग त्याचं समायोजन कुठल्या कोपऱ्यात होईल सांगता येत नाही. म्हणून "बघा की, यंदा राहू द्या" असं चालतं. तरी दाखला अडवणं चूकच, त्यात दोन मत नाही. आधी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा, बहुतेक वेळा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर मोहोळ पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.
आणि एक, कागदी दाखला हातात आला म्हणजे काम संपलं असं नाही. ऑनलाइन नाव पण इकडं यायला पाहिजे, नवी शाळा रिक्वेस्ट टाकते, जुनी मान्य करते. ते लटकलं तर पोरगी वर्गात इथं आणि पट तिकडं. त्यामुळं गुरुजींशी भांडून येऊ नका, अजून एकदा त्यांची गरज लागणाराय.

पेठेतला_संत्या:
गणवेशाचं मी सांगतो. झेडपी, महापालिकेच्या पोरांना गणवेश सरकारकडनं मिळतो, अनुदानितला तो आपणच घ्यायचा. पण ठराविक दुकानाची सक्ती शाळेला करता येत नाही. रंग आणि नमुना विचारून घ्या, कापड घेऊन शिवा नाहीतर नवी पेठेत तयार बघा. अरे सोलापूरचे गणवेश शिवून देशभर जातात आणि आपल्यालाच एका दुकानात लाईन लावायला सांगायलेत, कमाल आहे! दोन्ही सेट मात्र एकदम घ्या, आपल्याकडं पाणी किती दिवसाआड येतं ते नवीन माणसाला लवकरच कळतं, एक धुवायला पडला की पंचाईत. आणि एक साईज मोठाच घ्या.

मोहोळवाले_पप्पा:
लई आभार सगळ्यांचे. पुस्तकांचं काय, विकत घ्यावी लागतील का? आणि अर्ज मराठीत चालतो ना?

खडू_फळा:
मराठीतच द्या की, त्याला काय. पुस्तकं अनुदानित शाळेत आठवीपर्यंत मोफतच असतात, पण मागणी आधीच्या पटावरून जाते, त्यामुळं उशिरा आलेल्या पोराला कधीकधी एखादं पुस्तक कमी पडतं. पहिले चार दिवस थांबा, बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहे तोवर त्यावर भागवा. वर्गशिक्षिकेला विचारून पाचवीतनं सहावीत गेलेल्या कुणाचा जुना संच मिळाला तर अजून बरं.

जुळे_सोलापूरची_आई:
रिक्षावाल्या मामांचं पण आत्ताच बघा, शाळा सुरू झाली की सगळ्या रिक्षा भरतात. एका रिक्षात किती पोरं कोंबतात ते एक दिवस सुट्टीच्या वेळी गेटसमोर उभं राहून बघा आणि मगच पैसे द्या.



मोहोळवाले_पप्पा:
केंद्रप्रमुखांना फोन केला, शनिवारी गावात या म्हणाले. इकडं अर्ज दिला, क्लार्कनं पोच द्यायला जरा कुरकुर केली पण शिक्का मारला. सोमवारी पोरगी वर्गात बसणार. दाखला आला की टाकतो इथं.