मदत हवी आहे: पुठ्ठ्याचा राजवाडा आणि उलटं चालणारं बटण

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, रामबागेतून. यंदा गणपतीमागे आरास म्हणून लेकाने (आठवीत आहे) पुठ्ठ्याचा राजवाडा करायला घेतलाय. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी, रंगही तसेच दिलेत. दर मजल्याला एक दिवा आणि त्याचं आपलं बटण. शिवाय आरतीला अख्खा वाडा एकदम लागावा म्हणून एक मोठं बटण.

सध्या तीनच मजले जोडलेत. टॉर्चचे अडीच व्होल्टचे बल्ब, दोन मोठे सेल. पहिल्या मजल्याचं बटण दाबलं की दुसऱ्याचाही दिवा लागतो, दोन्ही मिणमिणते. एक बल्ब काढला की दुसराही जातो. तिसऱ्याची तर कमालच आहे. बटण बंद असताना दिवा लख्ख, आणि चालू केलं की तिन्ही मजल्यांवर अंधार, वर सेल गरम! लेक म्हणाला बटण उलटं बसलंय. फिरवून लावलं, तेच. आमचे हे म्हणतात सेलच खराब. आणखी एक, बटण दिव्याच्या आधी हवं की नंतर, यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

प्रतिसाद १
ताई, आधी सेल काढून ठेवा, मग पुढचं वाचा. साध्या बटणाला उलटसुलट नसतं. तुमच्या तिसऱ्या बटणाच्या दोन तारा त्या बल्बच्याच दोन टोकांना लावल्यात ना? म्हणजे बटण दाबलं की करंटला बल्ब टाळून जाणारा बिनअडथळ्याचा रस्ता मिळतो. सेलची दोन टोकं थेट जोडली जातात. सगळा करंट तिकडे, म्हणून अंधार आणि म्हणूनच सेल गरम. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. बटण बल्बच्या बाजूने नाही, वाटेत बसवायचं: बल्बकडे जाणारी एक तार मधेच कापा आणि ती दोन टोकं बटणाला द्या.

पहिले दोन मजले सिरीजमध्ये गेलेत. एकच वाट, तीन व्होल्टची वाटणी, वाट्याला दीड-दीड. मिणमिणणारच. दर मजल्याची स्वतंत्र फांदी करा, फांदीत एक बल्ब, एक बटण. मोठं बटण सेलपासून निघालेल्या तारेवर, फांद्या फुटायच्या आधी.

प्रतिसाद २
एवढा खटाटोप कशाला? घरच्या प्लगवरच घ्या, सेलचा खर्च वाचेल.

प्रतिसाद १
काका, पुठ्ठा, जिलेटीन कागद, हात मुलाचे आणि 230 व्होल्ट? नको.

प्रतिसाद ३
दोन पक्षांचा निकाल लावतो, मी वायरिंगचीच कामं करतो. सेलच्या खेळण्यात बटण आधी असो की नंतर, वाट तुटली की करंट सगळीकडेच थांबतो. घरात मात्र बटण फेजवरच (करंट आणणाऱ्या तारेवर) हवं. न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलं तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. बल्ब बदलताना झटका बसतो तो यामुळेच. जुन्या घरांत अशी जोडणी मला अजून सापडते.

आणि ताई, टॉर्चचा बल्ब साधारण 0.3 अँपिअर खातो. सात झाले की दोनच्या वर, आरास दहा दिवस चालायची, सेल कसे पुरणार? एलईडी घ्या, 10 मिलिअँपिअरमध्ये काम होतं, सातांना मिळून 70. महाराणी रोडवर सुटे मिळतात. लांब पाय प्लसकडे, आणि करंटला आवर घालणारा रेझिस्टर विसरू नका.

धागाकर्ती
जमलं! तीन पेन्सिल सेलचा डबा, सहा मजल्यांवर पिवळे एलईडी, दर फांदीत एक बटण. सहाही लागतात. फक्त सातव्या मजल्यावर पांढरा लावलाय, तो इतरांबरोबर लागतच नाही. एकटा ठेवला की लागतो, मंद. म्हणजे पाय बरोबर आहेत ना? रेझिस्टर मोठ्या बटणापाशी एकच टाकलाय, 220 ओहमचा. सात ठिकाणी सोल्डरिंगचे डाग कोण देत बसणार!

प्रतिसाद १
तिथेच अडलंय. पिवळा साधारण 2 व्होल्टवर लागतो, पांढऱ्याला 3च्या आसपास लागतात. रेझिस्टर सामाईक असला की पिवळे पेटताच फांद्यांवरचा व्होल्टेज दोनापाशी अडकतो आणि पांढऱ्यापर्यंत काही पोचत नाही. शिवाय एक मजला विझवला की बाकीचे थोडे उजळत असतील, बघा. ज्याचा त्याला रेझिस्टर द्या. तीन सेलच्या 4.5 व्होल्टमधून 2 गेले, उरले 2.5, 10 मिलिअँपिअरसाठी 250 ओहम. म्हणून पिवळ्याला तुमचे 220 चालतील. पांढऱ्याला उरतात 1.5, त्याला 150: रेझिस्टरवर तपकिरी, हिरवा, तपकिरी पट्टे बघून घ्या.

धागाकर्ती
हो, उजळतात! आम्हाला वाटलं सेल मधूनच जोर धरतात. उद्या सकाळी पोहे झाले की लेकाला घेऊन पुन्हा महाराणी रोड. डाग तोच देणार म्हणतोय, मी फक्त पट्टे वाचायचे.