उद्योजकतेच्या वर्गात 'महत्त्वाच्या गोष्टीं'चा कागद अर्धा कोरा राहिला. घाणा, वारी आणि घर यांचं कसं जमवता?

गोदाकाठचा_घाणा (ता. गंगाखेड, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सवडीनं वाचा.

वय २८. बीएस्सी ॲग्री केल्यावर दोन वर्षं एका खत कंपनीत फिरतीची नोकरी केली. मागच्या वर्षी गावातच करडईचा लाकडी घाणा टाकला. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून कर्ज, त्यावर ३५ टक्के अनुदान, बाकी माझी शिल्लक आणि चुलत भावाचे दोन लाख. तो निम्म्याचा भागीदार आहे. जानेवारीपासून दर रविवारी सकाळच्या गाडीनं परभणीला उद्योजकतेच्या वर्गाला जातो.

घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात माळ होती, वडिलांच्या आहे. अकरा वर्षांचा असल्यापासून मी वडिलांबरोबर गावच्या दिंडीत पंढरपूरला पायी जातो. नोकरीत असतानाही रजा टाकून गेलो.

मार्चमध्ये एका रविवारी सरांनी कोरे कागद वाटले. आयुष्यात सगळ्यात महत्त्वाच्या पाच गोष्टी लिहा म्हणाले. मी पाच मिनिटांत लिहून मोकळा: सचोटी, विठ्ठल, आईवडील, शेतकरी, तब्येत. सरांनी कागद गोळा केले आणि पुढच्या रविवारी परत दिले. प्रत्येक गोष्टीपुढं पेनानं दोन रकाने आखलेले होते. गेल्या महिन्यात यासाठी किती तास दिले? यासाठी किती रुपये सोडले?

शेतकऱ्यांपुढं मला काहीतरी लिहिता आलं. २०२५-२६ च्या विक्री हंगामाचा करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता. मी गावातून ४० क्विंटल घेतली ती त्याच भावानं, काट्यावर कुणाचा एक किलो कापला नाही. बाकीचे रकाने तसेच राहिले. बाकावर बसून घाम फुटला, खरं सांगतो.

मग एप्रिलभर वही ठेवली. घाणा, भरणी आणि गिऱ्हाइकाच्या दारात माल पोचवणं, आठवड्याला ७४ तास. वर्ग आणि गाडीतला प्रवास ११ तास. वडील रोज संध्याकाळी हरिपाठाला बसतात. महिन्यात मी त्यांच्याशेजारी सहा वेळा बसलो, त्यातही दोनदा मांडीखाली फोन वाजत होता. आईवडिलांशी बोलणं जेवतानाच. तब्येतीपुढं शून्य.

आता खरी अडचण. मोठ्या शहरातला एक व्यापारी महिन्याला २०० लिटर तेल घ्यायला तयार आहे. चार किलो करडईला साधारण लिटरभर तेल निघतं. पेंडीचे पैसे वजा केले तरी मजुरी, वीज, बाटली, वाहतूक धरून लिटर २३० रुपयांच्या आसपास पडतं. तो २१० देतो. कसं परवडायचं, असं विचारलं तर म्हणतो, निम्मं सूर्यफुलाचं रिफाइंड टाक, लेबल लाकडी घाण्याच्या शुद्ध करडईचंच ठेव, सगळे तेच करायलेत. मला हे करायचं नाही. पण चुलत भाऊ म्हणतो, तुझी माळ तुझ्या गळ्यात, माझे दोन लाख कशाला अडकवतोस? त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, त्याला पैशाची गरज आहे. तो लबाड माणूस नाही.

दुसरं, यंदा (२०२५) आषाढी ६ जुलैला. दिंडी २० जूनला निघेल. २२ आणि २९ जूनचे वर्ग बुडतील, आणि २९ लाच बँकेच्या लोकांसमोर प्रकल्प मांडायचा आहे. वडील म्हणाले, "तू नको येऊ यंदा. विठ्ठल काय हजेरी घेतो का?" ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

वर्गात अमेरिकेत शिकवणाऱ्या प्रा. सरस सरस्वती यांच्या संशोधनाबद्दल ऐकलं. त्यांनी मोठ्या कंपन्या उभ्या केलेल्या २७ अनुभवी उद्योजकांची विचार करायची पद्धत अभ्यासली. ही माणसं किती मिळेल यापासून सुरुवात करत नाहीत. मी कोण, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथून निघतात आणि काय गमावलं तरी आपण उभे राहू हे आधी ठरवतात. पैशाच्या बाबतीत मी हे ठरवू शकलो. सव्वा लाख गेले तरी घाणा बंद पडणार नाही. पण एक वारी गेली तर काय जातं, हे कुठल्या रकान्यात लिहू? ज्यांनी धंदाही केला आणि घरातलं देवधर्माचंही सांभाळलं, त्यांनी स्वतःचं सांगावं.

---

मोंढ्यातला_म्हातारा (लातूर)

लेकरा, आधी कायद्याचं बघू, ते लवकर संपतं. दोन खाद्यतेलं मिसळून विकायला बंदी नाही. प्रत्येक तेल किमान २० टक्के पाहिजे, लागणारा परवाना पाहिजे आणि डब्यावर मिश्र खाद्यतेल असं साफ लिहिलेलं पाहिजे. तुझा व्यापारी लेबलवर खोटं लिहायला सांगायलाय. त्याला नाही म्हण आणि पुढं चल.

भावाचं मात्र सोपं नाही. माझ्या घरातलं सांगतो.

आमची आडत होती, वडील आणि चुलते आठ-आठ आण्याचे भागीदार. किल्लारी, सास्तूर भागातले बरेच शेतकरी माल आमच्याकडं आणायचे आणि पेरणीला उचल घेऊन जायचे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, भूकंप झाला. मी तेव्हा २९ वर्षांचा. चौथ्या दिवशी वडिलांबरोबर धान्याची पोती घेऊन तिकडं गेलो. ज्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचो त्याचं घर कुठं होतं, हे मला ओळखू येईना.

परत आल्यावर वडिलांनी खतावणी उघडली. त्या गावांची सगळी उचल सोडायची म्हणाले. चुलते गप्प बसले. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. आम्ही पोरं मनातून चुलत्यांवर चिडलो, किती लोभी माणूस म्हणून. वडिलांनी आम्हाला बाहेर काढलं आणि चुलत्यांना म्हणाले, माझे आठ आणे मी सोडले, तुझे आठ आणे माझ्याकडून घे. हप्त्या-हप्त्यानं ते १९९९ पर्यंत फेडत होते. त्या सहा वर्षांत घरात नवीन कपाट आलं नाही.

पुढं मी त्यांना विचारलं, की हे सुचलं कसं? ते म्हणाले, तुकोबांनी काय केलं? सावकारीची कागदं इंद्रायणीत बुडवली एवढंच आपण सांगतो. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची निम्मी कागदं त्याला देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, हे सांगायचं राहतं.

तुझी सचोटी तुझ्या आठ आण्यातून भागव. भावाला विचार, दोन लाख परत पाहिजेत का, आणि हप्ते बांधून दे. तू मोठा दिसावास म्हणून त्याच्या लेकराच्या दुधाचे पैसे कमी पडू नयेत.

---

शेंद्रा_सुपरवायझर

सरळ सांगतो, राग मानू नका. वारी दरवर्षी येते, बँकेसमोर उभं राहायची संधी दरवर्षी येत नाही. कर्ज डोक्यावर असताना पंधरा दिवस घाणा बंद ठेवणं मला पटत नाही. मी वडिलांच्या आजारपणातही हप्ता चुकवला नाही, म्हणून आज घर उभं आहे. २९ तारखेला प्रकल्प मांडा आणि ५ जुलैच्या रात्री बसनं पंढरपूर गाठा.

---

खवा_भट्टी (ता. भूम, जि. धाराशिव)

दादा, तुमचं सगळं दोनदा वाचलं. एक विचारू? तुमच्या वहीत ७४ तास घाण्याचे आहेत, ११ तास वर्गाचे आहेत. बाटल्या धुणं, लेबल चिकटवणं, पेंड घ्यायला दारात आलेल्या माणसाला मोजून देणं, तुमचा डबा, वडिलांचा उपास सोडवायचं जेवण, हे तास कुणाचे? आई म्हणून तुम्ही यादीत लिहिलं, तासात लिहिलं नाही.

हे टोचून बोलत नाही. माझ्यावर बेतलेलं आहे म्हणून विचारते. आमची खव्याची भट्टी आहे, नवरा आणि मी. पाच लिटर दुधाला किलोभर खवा पडतो आणि दूध रोज येतं, एकादशी असो की कुणाचं मयत असो. बचत गटातर्फे मी पण प्रशिक्षण केलं, मला फार आवडलं, रात्री अकराला हिशेब शिकायची. ते चार महिने माझी सासू पहाटे चारला भट्टी पेटवत होती. गुडघे सुजले तरी बोलली नाही. प्रमाणपत्र घेताना फोटो माझा आला. सासूबाई फोटोत नाहीत, आणि ते मला आजसुद्धा बघवत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. चिखल तुडवताना ते भजनात एवढे रंगले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही, ही गोष्ट तुम्हाला माहीतच असणार. कीर्तनात ती भक्तीची थोरवी म्हणून सांगतात, पुढं विठ्ठल लेकरू परत देतो. मी लहानपणापासून ती ऐकते आणि दरवेळी माझं लक्ष त्या आईकडं जातं. ती पाण्याला गेली होती. जाताना सांगून गेली होती, लेकराकडं बघा. रंगलेल्या माणसाला, मग तो भजनात रंगो की धंद्यात, पायाखालचं दिसत नाही. मला तुमच्या प्रश्नातसुद्धा तुम्ही आणि वडील एवढेच दिसले.

वारीला कोण जाणार हे ठरवण्याआधी आईला विचारा.

---

वाळूजचा_टर्नर (छत्रपती संभाजीनगर)

सलाम भाऊ. माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग देतो. तुमच्या त्या रकान्यांवरून आठवलं.

आमच्यात रमजानमध्ये जकात काढतात. चाळीसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. ती अंदाजानं द्यायची नसते. विकायला ठेवलेला माल, हातातली रोकड, येणं असलेली रक्कम मोजायची, देणं वजा करायचं. मशीन धरायचं नसतं, कारण ते विकायला ठेवलेलं नाही. वडील असेपर्यंत ते करायचे, मी सही करायचो. ते गेल्यावर पहिल्या रमजानमध्ये मी स्वतः बसलो, तेव्हा कळलं की गिऱ्हाइकांकडं किती उधारी अडकलीय आणि माझ्याच दोन कारागिरांचा ओव्हरटाइम द्यायचा राहिलाय. तो आधी दिला, मग जकात. इबादतीमुळं माझा हिशेब सरळ झाला, वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

जुम्म्याचं म्हणाल तर दुपारी सव्वा तास शटर बंद असतं. सुरुवातीला एका कंपनीच्या माणसानं कटकट केली. मी माल गुरुवारी संध्याकाळी पोचवायला लागलो, कटकट बंद झाली. दिंडीच्या पंधरा दिवसांचं तेल आधी काढून ठेवता येतं का बघा. गिऱ्हाइकाला मेमध्येच सांगा.

---

गोदाकाठचा_घाणा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण घरात बोलणी चालू होती.

व्यापाऱ्याला नाही कळवलं. तो फार काही बोलला नाही, दुसरा बघतो म्हणाला.

लातूरच्या काकांचं लिहिलेलं मी चुलत भावाला जसंच्या तसं वाचून दाखवलं, चुलत्यांवर पोरं चिडली तेसुद्धा. मीही त्याच्यावर तसाच चिडून होतो, हे त्याला सांगितलं. महिन्याला आठ हजारांप्रमाणे दोन लाख परत करायचं कागदावर लिहून दिलं, म्हणजे पंचवीस महिने. त्यानं कागद खिशात ठेवला. अजून हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण काल संध्याकाळी न बोलवता घाण्यावर आला आणि डबे उतरवून गेला.

भूमच्या ताई, तुमचं वाचून मी वही आईसमोर ठेवली. तिला म्हटलं, तुझे तास सांग. ती हसली, मग बोटावर मोजायला लागली. घाण्याचे म्हणून आठवड्याला एकतीस तास निघाले. त्यात स्वयंपाक, गोठा, धुणं काहीच धरलेलं नाही. पहिल्या महिन्यापासून मी ज्याला नफा म्हणतोय त्यात हे एकतीस तास आहेत. या महिन्यापासून तिच्या खात्यावर मजुरी टाकायची ठरवलं, रकमेवरून अजून वाद चालू आहे, तिला कमीच हवी आहे.

मग विचारलं, वारीचं काय करू? ती मला म्हणाली, "मला जायचंय." लग्नाला तीस वर्षं झाली. शेगावची पालखी आमच्या गंगाखेडवरून जाते तेव्हा ती दरवर्षी भाकरी घेऊन जाते, कार्तिकीला एकदा एसटीनं जाऊन आली, पण पायी कधीच गेली नाही. मी आणि वडील गेल्यावर गोठा कोण बघणार, म्हणून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कधी विचारलं नव्हतं.

तर २० जूनला आईवडील दोघं निघतील. मी घरी, बहीण पाच दिवस मदतीला येते म्हणाली. २९ ला परभणीला प्रकल्प मांडीन आणि शेंद्र्याच्या दादांनी सांगितलं तसं ५ च्या रात्री बसनं निघेन. वाळूजच्या भाऊंचा सल्ला मानून जूनचं तेल आत्तापासून काढतोय.

आता दिंडीत पायी गेलेल्या बायकांनी कृपा करून सांगावं. आईचं वय ५२ आहे, डावी टाच दुखते. बूट घ्यावेत की तिच्या सवयीच्या चपलाच बऱ्या? आणि ती सामानाचं गाठोडं उचलून चालणार म्हणतेय, ते दिंडीच्या ट्रकमध्ये टाकायला तिला कसं पटवायचं?