व्हिडिओ कंपनीचा, फटका माझ्या गाडीला

वर्धारोडवाला:
सहा वर्षं वापरलेली गाडी विकायला काढली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 58 हजार किलोमीटर, एकहाती. नागपूरच्या सदरमधल्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यानं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, धूर फेकते का पाहिलं. दारांवर चुंबक फिरवून ठोकरीनंतर भरलेली पुट्टी शोधली. काहीच निघालं नाही. मग साहेबांनी मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. याच मॉडेलची गाडी हायवेवर बंद पडलेली, अन् मालक शिव्या घालून राहिला. "भाऊ, हे सगळ्यांनी पाह्यलं," म्हणे. 60 हजार तिथंच कमी केले. माझी गाडी आजवर एकदाही रस्त्यात थांबली नाही!

बदनामीचा दंड कंपनी भरत नाही, आपण भरतो. फोक्सवॅगनची प्रदूषण चाचणीतली लबाडी सप्टेंबर 2015 मध्ये उघडी पडली. जगभरात 1 कोटी 10 लाखांच्या आसपास गाड्या. 2016 मध्ये तोच समूह टोयोटाला मागं टाकून विक्रीत जगात पहिला.

तर्री_जास्त:
अर्धीच गोष्ट सांगितली. त्या लबाडीपायी दंड-भरपाई मिळून 30 अब्ज युरोंच्या वर गेले त्यांचे. ते काय फुटाणे आहेत? अन् नॅनो विसरलात का? 2009 मध्ये बाजारात आली, लगेच काही गाड्या पेटल्या, टीव्हीवर तेच ते. 2018 मध्ये उत्पादनच थांबलं.

धरमपेठी:
नॅनो आगीनं नाही गेली हो. 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला, तिथंच घात झाला. खुद्द रतन टाटांनी नंतर हे बोलून दाखवलं होतं. लाख रुपयांची गाडी घेऊन लग्नाला कोण जाईल? आगीची बातमी निमित्त झाली. 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मारुतीच्या एस-प्रेसोला सुरक्षेचे शून्य तारे मिळाले, मारुतीचा पहिला नंबर हलला का? आपले लोक तारे मोजत नाहीत, ॲव्हरेज मोजतात.

तर्री_जास्त:
मोजतात. 2018 मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले तेव्हापासून टाटाच्या जाहिराती पाहा जरा. माझ्या साळ्यानं त्याच एका गोष्टीवर गाडी घेतली.

ऑइलहात:
मी गॅरेज चालवतो, म्हणून बोलतो. बातमी आठ दिवस चालते, पार्ट नाही भेटला तं गाडी तीन महिने उभी राह्यते. 2013 मध्ये शेवरोलेनं 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या, प्रदूषणाच्या भानगडीत. माह्याकडच्या एकाही टॅक्सीवाल्यानं गाडी काढली नाही. पण 2017 मध्ये कंपनी इथली विक्री बंद करते म्हटल्यावर तेच लोक रोज विचारू लागले, 'भाऊ, क्लच प्लेट भेटंन ना?' खरी भीती ते हाय.

अन् वर्धारोडवाले, तुमाले एक विचारतो. त्या व्यापाऱ्यानं तुमाले व्हिडिओ दाखवला. तेच गाडी घ्याले दुसरा येईन, त्याले दाखवंन का?

वर्धारोडवाला:
च्यायला. हे डोक्यातच नाही आलं. गाडी अजून दिलेली नाही. उद्या गिऱ्हाईक बनून त्यालाच फोन करतो, याच मॉडेलचा भाव विचारतो.

तर्री_जास्त:
वहिनींना करायला लावा. तुमचा आवाज ओळखेल तो.