मदत हवी आहे : वाटपाचा दावा ठाणे जिल्ह्यात दाखल करावा की रायगड जिल्ह्यात?

माझ्या आत्याला वडिलोपार्जित मिळकतीतील हिश्शासाठी दिवाणी दावा दाखल करायचा आहे. एक सदनिका नेरूळला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आहे, तर दुसरी खारघरला, म्हणजे पनवेल तालुक्यात व रायगड जिल्ह्यात आहे. नवी मुंबई हे रोजच्या व्यवहारात एकच शहर असले, तरी न्यायालयांची रचना जिल्हानिहाय असल्यामुळे आमची अडचण झाली आहे.

माझ्या वाचनानुसार, दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १६ प्रमाणे स्थावर मिळकतीचा दावा ती मिळकत जेथे आहे तेथेच चालतो. मात्र मिळकत वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दींत असेल, तर कलम १७ नुसार त्यांपैकी कोणत्याही एका न्यायालयात दावा करता येतो. कलम १५ तर अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या न्यायालयातच जाण्यास सांगते. दोन्ही सदनिकांचे मूल्य पाहता दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडेच जाईल, असे मला वाटते. मुंबईत असे दावे नगर दिवाणी न्यायालयाकडे जातात. ती व्यवस्था ठाण्याला लागू नाही, हे नातेवाइकांना पटवून देताना बराच वेळ गेला.

आत्याचे वय ७४ असून तिला प्रवास झेपत नाही, त्यामुळे बेलापूरचे न्यायालय तिला सोयीचे ठरेल. तेथे दावा केल्यास खारघरच्या सदनिकेबाबतचा हुकूमनामा पुढे पनवेलच्या न्यायालयाकडे अंमलबजावणीसाठी पाठवावा लागतो का? अपील जिल्हा न्यायालयात जाईल की थेट मुंबई उच्च न्यायालयात, हे दाव्याच्या कोणत्या मूल्यावर ठरते? असे दावे चालवलेल्या वकिलांनी किंवा पक्षकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.